डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. तरी लोक त्यांना मनातलं सगळं लिहायचे!

लैंगिक आयुष्याबद्दल एखादा प्रश्न छळत असेल तर आजही आपण तो घरात विचारत नाही. गुपचूप मोबाईल काढतो आणि सर्च करतो. मग १९२७ साली लोक काय करत असतील?

त्यांच्यातले काही जण मुंबईला एक पत्र टाकायचे. ते पत्र वाचणाऱ्या माणसाचं नाव होतं रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजेच र. धों. कर्वे.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळचं मुरुड. (जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, ते रायगडमध्ये.) वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९१ मध्ये आई राधाबाई बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ ९ वर्षांचे होते. दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी कुटुंबाला वाळीत टाकलं. लोक काय म्हणतील, या प्रश्नाची किंमत या मुलाला लहानपणीच कळली होती.

पुढे ते गणित शिकले, पॅरिसलाही जाऊन आले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. पण डोक्यात विषय दुसराच होता. एकामागून एक बाळंतपणं आणि त्यात खचणाऱ्या बायका. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं क्लिनिक उघडलं तेही याच वर्षी! कॉलेजला हे काम रुचलं नाही. नोकरी की प्रचार, अशी वेळ आली तेव्हा १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक त्यात प्रश्न विचारायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. आज ज्याला आपण समुपदेशन म्हणतो, तेच हे काम.

त्यांची पद्धत साधी होती. विचारणाऱ्याला पापी ठरवायचं नाही. आडवळणाने बोलायचं नाही. शास्त्र जे सांगतं ते सरळ मराठीत सांगायचं. हस्तमैथुनाने माणूस कमजोर होतो, वेडा होतो, अशी भीती तेव्हा घराघरात होती. कर्वे सांगायचे की त्याने असं काही होत नाही. धास्तावलेल्या तरुणासाठी तेवढं वाक्यही मोठा आधार असणार. बाईलाही कामसुखाचा हक्क आहे आणि मूल कधी हवं हे तिने ठरवावं, हेही ते उघडपणे मांडायचे.

सनातन्यांना हे झेपणारं नव्हतं. अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ चा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता. कर्व्यांची बाजू मांडायला कोर्टात कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! मासिक याच विषयाला वाहिलेलं आहे, मग वाचकाने विचारलं तर उत्तर देणं गुन्हा कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र बंद पडलं नाही.

या सगळ्यात पत्नी मालतीबाई ठामपणे सोबत होत्या. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांचा होता. दुसऱ्यांना दिलेला सल्ला त्यांनी आधी स्वतःच्या घरात पाळला.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या कामापायी कर्व्यांची नोकरी गेली होती, ते आता सरकारचं धोरण झालं होतं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. २६ वर्षं चाललेलं मासिकही त्यांच्याबरोबरच थांबलं.

शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं की नाही, यावर आपला वाद अजून चालूच आहे. मुलं मात्र उत्तरं शोधतातच. ती कुणाकडून मिळतात, एवढंच आपल्या हातात आहे.