बाळंतिणीची रजा आणि ना. म. जोशी

आमच्या सिन्नरला विड्यांचे गाव म्हणूनही लोक ओळखतात. माझ्या लहानपणीचे आजीचे चित्र डोळ्यांपुढे आणले की मांडीवरचे सूप, कात्रीने कापलेली पाने आणि जर्द्याचा उग्र वास हेच आधी आठवते. आजी सांगते, माझ्या वडिलांचा जन्म झाला त्या दिवशीही दुपारपर्यंत ती विड्या वळतच होती. बाराव्या दिवशी पुन्हा सूप मांडीवर आले. मधल्या दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच.

गेल्या वर्षी आमच्या वहिनीवर तीच वेळ आली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती कंत्राटी कामावर होती. दिवस गेल्याचे कळताच तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगण्यात आले. घरात कोणी फारसे चकित झाले नाही, आणि याचेच मला वाईट वाटले. बाळंतिणीला पगारी रजा मिळावी असे या देशात पहिल्यांदा कोणाच्या मनात आले, हे शोधण्यासाठी मी आपल्या ग्रंथालयात बसले. तिथे मला नारायण मल्हार जोशी भेटले. मुंबईच्या गिरणगावातील रस्त्याला त्यांचे नाव आहे, एवढेच तोवर मला ठाऊक होते.

जोशींचा जन्म 5 जून 1879 रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले व काही वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. 1909 मध्ये ती सोडून ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. तेथे मिळणार ते जेमतेम निर्वाहापुरते वेतन. 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने अशी तिची कामे. या कामांमुळे जोशी चाळींतून हिंडले, आणि कामगारांचे दुःख त्यांना कागदावर वाचावे लागले नाही.

1919 मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे गेले. बाळंतपणापूर्वी सहा आणि नंतर सहा आठवडे स्त्रीला रजा असावी, आणि त्या काळातील तिचा निर्वाह सरकारी निधीतून किंवा विम्यातून व्हावा, असा करार त्या परिषदेत झाला. हिंदुस्थान सरकारवर मात्र या प्रश्नाचा अभ्यास करण्यापलीकडे काही बंधन पडले नाही.

जोशी तेवढ्यावर थांबले नाहीत. 1921 पासून मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. 1924 साली त्यांनी तेथे प्रसूती साहाय्याचे विधेयक मांडले. कारखाने, खाणी आणि आसामच्या चहामळ्यांतील स्त्रिया त्यांच्या नजरेसमोर होत्या. मित्रहो, या विधेयकातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बाळंतिणीचे पैसे तिच्या एकट्या मालकाने द्यावेत असे जोशी म्हणत नव्हते. प्रांतिक सरकारांनी निधी उभारावा, सर्व मालकांनी त्यात वर्गणी भरावी आणि त्यातून भत्ता द्यावा, अशी त्यांची योजना होती. सगळा भार एकाच मालकावर पडला, तर उद्या तो बाईला कामावर घेण्याचेच टाळील. निधी सर्वांचा असला म्हणजे एका बाईच्या बाळंतपणाने कोणाचे दिवाळे निघत नाही.

1925 मध्ये विधेयक फेटाळले गेले. सरकारचीही त्याला अनुकूलता नव्हती. पण विषय मेला नाही. मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी तसेच विधेयक आणले. 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून सरकारनेही काही भार उचलावा. पण स्त्रियांच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यालाही सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. प्रसूतीनंतर चार आठवडे बाईला कामावर ठेवण्यास मनाई झाली आणि रोज आठ आणे भत्ता ठरला. पैसे मात्र मालकानेच द्यायचे होते. जोशींचा निधी मागेच राहिला.

त्याच वर्षी नेमलेल्या व्हिटले कमिशनवर जोशी सभासद होते. 1931 च्या त्याच्या अहवालाने प्रसूती कायद्यांची आणि आजारपणाच्या विम्याचीही बाजू घेतली. 1920 साली स्थापन झालेल्या आयटकचे सरचिटणीसपद जोशींनी दोन वेळा सांभाळले. 1929 च्या नागपूर अधिवेशनात संघटना फुटली तेव्हा ते बाहेर पडले, आणि एकी झाल्यावर 1940 मध्ये पुन्हा त्याच जागी आले. मतभेद झाले म्हणून कामगारांचे काम त्यांनी सोडले नाही. अखेर 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. मालक आणि कामगार दोघांच्याही वर्गणीच्या निधीतून आजारपणाचे व बाळंतपणाचे पैसे देण्याची सोय त्यात होती. 1924 ची कल्पना चोवीस वर्षांनी कायद्यात उतरली. 30 मे 1955 रोजी जोशी वारले.

पुढे 1961 मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा झाला. 1966 च्या विडी कामगारांच्या कायद्याने तो घरी विड्या वळणाऱ्या बायकांनाही लागू केला. 2017 मध्ये बारा आठवड्यांची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्रसूती लाभ कायदा समाविष्ट करण्यात आला.

हे सारे मी आजीला वाचून दाखवले. वडिलांच्या जन्माच्या वेळी 1966 चा कायदा होऊन गेला होता, हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, कारखान्याच्या पुस्तकात तिचे नावच नव्हते. ती वळायची त्या विड्या मोठ्या जाऊबाईंच्या नावावर जमा होत. वहिनीचेही नाव कंत्राटदाराच्या कुठल्या वहीत होते की नव्हते, ते आम्हांला आजवर कळलेले नाही.

जोशींनी आयुष्यभर कायद्यासाठी झगडून त्याची वाट मोकळी केली. ती वाट आमच्या उंबऱ्यापर्यंत आणायची तर आधी बायांची नावे हजेरीपटावर चढली पाहिजेत. परीक्षा संपली की वहिनीला घेऊन कामगार खात्याच्या कार्यालयात जायचे मी ठरवले आहे. आजीही बरोबर यायचे म्हणते.