एल्महर्स्ट साहेबांची अट



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. घंटा, प्रार्थना, पावसाळ्यात चिखल तुडवत शाळेला येणं, मधल्या सुट्टीत खाल्लेल्या कैऱ्या, हे सगळं कुणी ना कुणी लिहीलच. म्हणून मी वेगळा विषय घेतला आहे. 1972 ला अकरावी होऊन मी किहीम सोडलं आणि हवाई दलात एअरमन म्हणून भरती झालो. वैमानिक नव्हे, जमिनीवरचा तंत्रज्ञ. त्या नोकरीत ज्या माणसाबद्दल वाचत गेलो आणि ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, त्याची ही हकिकत आहे. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले प्रमुख, एअर मार्शल सर थॉमस एल्महर्स्ट.

आता किहीमच्या शाळेच्या स्मरणिकेत एका इंग्रज साहेबाचं चरित्र कशाला, असं कुणी विचारेल. पण आपल्या गावाने असा भेदभाव कधी केला नाही. सुगरणीच्या खोप्यांचा अभ्यास करायला सलीम अली 1930 साली किहीमला येऊन राहिले, तेव्हापासून बाहेरून आलेला माणूस इथे काय करून गेला, एवढंच आपण पाहतो. एल्महर्स्टांनाही तोच न्याय लावू या.

त्यांचा जन्म डिसेंबर 1895 चा. वडील यॉर्कशायरमधले पाद्री, घरात आठ भाऊ. त्यातले दोन पहिल्या महायुद्धात गेले. तिसरा भाऊ लेनर्ड भारताशी वेगळ्या वाटेने जोडला गेला. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून तो शांतिनिकेतनजवळच्या सुरुल गावी आला आणि 1922 मध्ये ग्रामसुधारणेची जी संस्था सुरू झाली, पुढे श्रीनिकेतन म्हणून ओळखली गेली, तिचा पहिला कारभार त्याने पाहिला. एक भाऊ भारताच्या खेड्यात शेतीचं पाहायला आला आणि पंचवीस वर्षांनी दुसरा भारताच्या आकाशाचं पाहायला.

थॉमस मात्र सुरुवातीला आकाशातले नव्हतेच. वयाच्या बाराव्या वर्षी ते नौदलाच्या शाळेत गेले. जानेवारी 1915 मध्ये डॉगर बँकेची आरमारी लढाई झाली, तेव्हा ते इंडॉमिटेबल या युद्धनौकेवर होते. त्याच वर्षी नौदलाने काही तरुण अधिकाऱ्यांना हवाई जहाजं चालवायला निवडलं. हवाई जहाज म्हणजे विमान नव्हे. वायूने भरलेला लांबट फुगा, खाली टांगलेली छोटी होडी, तिला एक इंजिन आणि आत दोन-तीन माणसं. या फुग्यांतून समुद्रावर तासन् तास घिरट्या घालायच्या आणि जर्मन पाणबुड्या शोधायच्या, हे काम. वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या तळाचे ते प्रमुख झाले. महायुद्ध संपताना त्यांनी आपलं हवाई जहाज मेनाईच्या सामुद्रधुनीवरच्या झुलत्या पुलाखालून नेलं होतं. तरुणपणी हा माणूस असा होता, हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांची ओळख झाली ती कारभार सांभाळणारा शांत अधिकारी म्हणून.

1 एप्रिल 1918 ला ब्रिटनने लष्कराचं आणि नौदलाचं विमानदळ एकत्र करून रॉयल एअर फोर्स हे तिसरं, स्वतंत्र दल उभं केलं. एल्महर्स्ट नौदल सोडून त्यात गेले. हे पोर फार काळ जगेल असं तेव्हा दोन्ही थोरल्या भावांना वाटत नव्हतं. युद्धानंतरची कित्येक वर्षं लष्कर आणि नौदल दोघंही आपापला वाटा परत मागत होते. विमान हे बंदुकीसारखं किंवा जहाजासारखं एक साधन आहे, त्याला वेगळं दल आणि वेगळा सेनापती कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. एल्महर्स्टांनी ही ओढाताण आतून पाहिली. आपल्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत महत्त्वाची शिकवणी.

दुसऱ्या महायुद्धाआधी ते तुर्कस्तानात ब्रिटनचे हवाई प्रतिनिधी होते. 1940 मध्ये ब्रिटनवर जर्मन विमानं येऊ लागली, तेव्हा उत्तरेकडचा लेकनफील्ड हा तळ त्यांच्याकडे होता. पण त्यांचं खरं कसब दिसलं उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात. तिथे ते हवाई दलाचे सेनापती कनिंगहॅम यांच्या हाताखाली कारभार पाहायचे. पेट्रोल, बाँब, सुटे भाग, पाणी, जेवण, धावपट्ट्या, सगळं त्यांच्या डोक्यावर. ऑक्टोबर 1942 मध्ये एल अलामेनची लढाई सुरू झाली आणि जानेवारी 1943 मध्ये दोस्तांचं सैन्य त्रिपोलीत पोचलं. तीन महिन्यांत सुमारे 2 हजार किलोमीटर. सैन्य पुढे सरकलं की विमानांनाही पुढचा तळ लागतो, आणि विमान काही तंत्रज्ञांवाचून उडत नाही. म्हणून प्रत्येक स्क्वाड्रनची जमिनीवरची माणसं दोन गटांत वाटलेली. एक गट जुन्या तळावर विमानं उडवतो आहे, तोवर दुसरा ट्रकांतून पुढे जाऊन नवा तळ मांडतो. विमानं नव्या तळावर उतरली की मागचा गट सामान आवरून त्यांच्याही पुढे. मी आयुष्यभर पाना-पक्कड घेऊन विमानाच्या पोटाखाली उभा राहिलो, म्हणून हे वाचताना मला जास्त आनंद झाला. युद्धाच्या गोष्टींत आमच्यासारख्यांना जागा नसते.

1947 मध्ये एल्महर्स्ट भारतात आले. तेव्हाची पद्धत अशी, की भारतातली तिन्ही दलं एका सरसेनापतीच्या हाताखाली, आणि तो सरसेनापती लष्कराचा. स्वातंत्र्य जवळ आलं आणि हवाई दलाचं प्रमुखपद त्यांना देऊ केलं गेलं. त्यांनी एक अट घातली. हवाई दल लष्कराच्या हाताखाली राहणार नाही, ते स्वतंत्र दल असेल आणि त्याचा प्रमुख थेट सरकारला जबाबदार असेल. पंडित नेहरूंनी ती मान्य केली. 15 ऑगस्ट 1947 ला एल्महर्स्टांनी सूत्रं घेतली.

ही अट वाचायला किरकोळ वाटते. पण आपलं हवाई दल तेव्हा केवढं होतं पाहा. 8 ऑक्टोबर 1932 ला जन्म, म्हणजे जेमतेम पंधरा वर्षांचं. दहा स्क्वाड्रन, त्यांचीही फाळणीत वाटणी. कराची, पेशावर, कोहाट, रिसालपूर, लाहोर, जिथे दल वाढलं ते जुने तळ सीमेपलीकडे गेले. एवढ्याशा दलाला लष्कराच्या एका खात्यासारखं ठेवणं सोपं होतं, आणि त्या गडबडीत कुणी हरकतही घेतली नसती. एकदा तसं झालं असतं तर नंतर वेगळं होणं किती अवघड, हे ज्याने स्वतःच्या देशात पाहिलं होतं त्याने ते इथे आधीच टाळलं.

मग दोनच महिन्यांत काश्मीर. 27 ऑक्टोबर 1947 च्या सकाळी दिल्लीहून डकोटा विमानं श्रीनगरला निघाली, लष्करी आणि मुलकी दोन्ही. त्यांत लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांची शीख पलटण होती. भारताने हा बेत आधीच शिजवला होता असा आरोप झाला. त्यावर तिन्ही दलांच्या प्रमुखांनी, म्हणजे लॉकहार्ट, एल्महर्स्ट आणि हॉल या तिघा ब्रिटिशांनी, सहीनिशी सांगितलं की 25 ऑक्टोबरपूर्वी फौज पाठवण्याची कोणतीही योजना आखलेली नव्हती.

त्यांची अडचण समजून घ्या. पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख पेरी-कीन हेही रॉयल एअर फोर्सचेच. एकाच दलात वाढलेले दोन अधिकारी समोरासमोर. त्यात ब्रिटिश सरकारचा आदेश, की काश्मीरच्या लढाईत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष भाग घ्यायचा नाही. ज्या दलाचे आपण प्रमुख, त्या दलाच्या पहिल्या युद्धात आपण रणांगणापासून लांब. अशा वेळी माणूस दोन गोष्टी करू शकतो. सगळ्या दोऱ्या दिल्लीत धरून बसायचं, नाहीतर हाताखालच्यांवर विश्वास टाकायचा. प्रत्यक्ष लढाई भारतीय अधिकाऱ्यांनीच चालवली. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी वेढलेल्या पूंछमध्ये विमान उतरवलं. 24 मे 1948 ला जनरल थिमय्यांना सोबत घेऊन ते लेहला उतरले. साडेदहा हजार फुटांवरची कच्ची धावपट्टी, वाटेत त्याहून दुप्पट उंचीचे डोंगर आणि असं विमान, ज्यात हवेचा दाब राखायची सोय नाही. याच युद्धात विंग कमांडर हृषीकेश मुळगावकर या मुंबईच्या मराठी अधिकाऱ्याला महावीरचक्र मिळालं.

त्याच काळात दल वाढतही होतं. ब्रिटिशांनी जाताना कानपूरला मोडतोड करून टाकलेली लिबरेटर बाँबफेकी विमानं भंगारात पडून होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये सुरू केलेल्या बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने ती दुरुस्त करायला घेतली. जिमी मुन्शी हे कारखान्याचे वैमानिक ती कानपूरहून जेमतेम उडण्याजोगी करून बंगळूरला नेत. नोव्हेंबर 1948 मध्ये त्यांची स्क्वाड्रन उभी राहिली, आणि त्याच महिन्यात व्हँपायर ही आपली पहिली जेट विमानंही आली.

एक आक्षेप मात्र घ्यायलाच हवा. लष्कराला 15 जानेवारी 1949 ला जनरल करिअप्पा मिळाले. एल्महर्स्ट फेब्रुवारी 1950 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या जागी आयव्हलॉ-चॅपमन आले आणि त्यांच्यानंतर गिब्ज. दोघंही ब्रिटिश. प्रजासत्ताक होऊनही चार वर्षं हवाई दलाचा प्रमुख परका, हे अनेकांना खुपलं आणि ते खुपणं योग्यच होतं. पण दुसरी बाजूही आहे. आपले सर्वांत ज्येष्ठ अधिकारी सुब्रतो मुखर्जी 1947 मध्ये 36 वर्षांचे होते. स्क्वाड्रन चालवणं वेगळं आणि विमानखरेदी, प्रशिक्षण, अर्थसंकल्प असा सगळा डोलारा सांभाळणं वेगळं. मुखर्जी एल्महर्स्टांचे उपप्रमुख म्हणून हेच शिकले आणि 1 एप्रिल 1954 ला प्रमुख झाले. मला विचाराल तर दोन-तीन वर्षं आधी झाले असते तरी निभावलं असतं. पण ज्या खुर्चीवर ते बसले ती लष्कराच्या सेनापतीच्या खुर्चीमागे ठेवलेली नव्हती, बरोबरीने मांडलेली होती. हे एल्महर्स्टांच्या अटीमुळे.

26 जानेवारी 1950 ला दलाच्या नावातलं रॉयल गेलं. ते उतरताना पाहून जेमतेम महिन्याभराने साहेब मायदेशी परतले. पुढे 1953 ते 1958 ग्वेर्नसे बेटाचे लेफ्टनंट गव्हर्नर होते, आणि नोव्हेंबर 1982 मध्ये, 86 व्या वर्षी वारले. मी तेव्हा नोकरीत होतो. त्याआधी, 1976 ते 1978, मुळगावकर साहेब आमचे हवाई दल प्रमुख होते. एल्महर्स्टांच्या वेळचा विंग कमांडर माझ्या वेळी सर्वोच्च पदावर होता.

सर, बाई, तुमच्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको. अकरा वर्षं मुलं हाताखाली ठेवायची आणि मग फाटकाबाहेर सोडायची, ती परत विचारायला आली नाहीत तर शिकवणं जमलं म्हणायचं. या चरित्रात मला दिसलं ते एवढंच.

संमेलनाच्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर सुरूच्या बनाखाली बसलेला असेन. समोर खांदेरी, डोक्यावरून मुंबईकडे उतरणारी विमानं. मेहर सिंगांच्या लेहच्या उड्डाणाबद्दल कुणाला अजून ऐकायचं असेल तर खुशाल यावं. चहाचा थर्मास मी आणतो.