सरहद्दीजवळची शाळा

गेल्या गॅदरिंगच्या क्विझमध्ये प्रश्न आला, विज्ञानाचं नोबेल मिळवणारा पहिला पाकिस्तानी कोण? आमच्या हॉस्टेलच्या टीमने, म्हणजे मी आणि माझ्या रूम पार्टनरने, सरळ पास म्हटलं. पुढच्या दोन टीमनीही पास केलं. शेजारच्या देशाची क्रिकेट टीम बॅटिंग ऑर्डरसकट पाठ, बोलर कोणत्या हाताने टाकतो तेही पाठ, पण शास्त्रज्ञ एकही ठाऊक नाही! खरं सांगतो, जरा लाजच वाटली.

उत्तर होतं डॉ. अब्दुस सलाम. त्यानंतर लायब्ररीत मिळेल ते वाचत गेलो आणि लक्षात आलं की हा माणूस नुसता नोबेलवाला नाही. आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता जो वाद हमखास निघतो, बाहेर जायचं की इथेच राहायचं, तो वाद हा माणूस जन्मभर जगला. आणि त्याने त्याचं उत्तर चक्क बांधून दाखवलं. म्हणून हा लेख.

सलाम यांचा जन्म २९ जानेवारी १९२६ चा, पंजाबातल्या झंग भागातला. तेव्हा फाळणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती, त्यामुळे ते गाव आपलंही होतं आणि त्यांचंही. वडील शिक्षण खात्यात नोकरीला. गावात वीज नव्हती. शाळेतल्या मास्तरांची एक गोष्ट सलाम मोठेपणी सांगत असत. निसर्गातली बळं शिकवताना मास्तर म्हणाले की गुरुत्वाकर्षण सगळ्यांना माहीत आहे, चुंबकाचं बळही आहे. विजेचं बळ मात्र लाहोरला राहतं, आणि अणुगर्भातलं बळ तर फक्त युरोपात असतं, त्याची आपण काळजी करायची नाही! इलेक्ट्रिकलवाल्यांना हसू येईल. पण त्या मास्तरांनी नकळत एक खरी गोष्ट सांगितली होती. निसर्गाचे नियम सगळीकडे सारखे असले तरी ते शिकण्याची सोय सगळीकडे सारखी नसते.

चौदाव्या वर्षी सलाम मॅट्रिकला पंजाब विद्यापीठात विक्रमी मार्क मिळवून पहिले आले. मग लाहोरचं गव्हर्नमेंट कॉलेज. तिथे विद्यार्थी असतानाच, १९४३ मध्ये, त्यांचा पहिला शोधनिबंध छापून आला. विषय होता रामानुजन यांचं एक गणित. म्हणजे सुरुवातच मद्रासच्या माणसाच्या बोटाला धरून झाली.

१९४६ मध्ये ते केंब्रिजला गेले, त्यात नशिबाचा भाग मोठा होता. महायुद्धासाठी गोळा केलेला निधी शिल्लक राहिला होता आणि पंजाब सरकारने त्यातून लहान शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. सलाम यांना त्याच वर्षी जागा मिळाली आणि ते बोटीत बसले. बरोबर निवडलेल्या इतरांचा प्रवेश पुढच्या वर्षीवर गेला. पुढच्या वर्षी फाळणी झाली आणि ती शिष्यवृत्तीच बुडाली. एका वर्षाचा फरक, बस्स. ती मुलंही हुशारच असणार ना? त्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार मला सारखा छळतो.

केंब्रिजमध्ये गणित आणि फिजिक्स दोन्हीत पहिला वर्ग, मग क्वांटम सिद्धांतात पीएच.डी.चं काम. त्या कामाने जाणकारांमध्ये नाव झालं. एवढं झाल्यावर कुणीही तिथेच राहिला असता. सलाम १९५१ मध्ये लाहोरला परत आले, आपल्याच कॉलेजात प्रोफेसर म्हणून.

आता इथून गोष्ट आपल्या ओळखीची होते. कॉलेजात संशोधनाची सोय नव्हती. नवी जर्नल्स येत नसत, ज्याच्याशी विषयावर दोन शब्द बोलावेत असा माणूस जवळपास नव्हता. प्रिन्सिपॉलनी त्यांना सांगितलं की शिकवण्याखेरीज आणखी एक काम घ्यावंच लागेल. तीन पर्याय दिले : हॉस्टेलचं वॉर्डनपद, कॉलेजच्या हिशेबाचं काम किंवा फुटबॉल क्लबचं अध्यक्षपद. सलाम यांनी फुटबॉल घेतलं. (आमच्या वॉर्डन सरांनी यावरून काही मनाला लावून घेऊ नये.)

त्याच दिवसांत वोल्फगांग पाउली मुंबईत आले होते. होय, तेच पाउली, ज्यांचं एक्सक्लूजन प्रिन्सिपल आपण बारावीला घोकतो. त्यांनी सलाम यांना तार केली की मी इथे आहे, येऊन भेटा. सलाम यांनी विमान पकडलं आणि मुंबई गाठली. किती दिवसांनी कुणाशी तरी मनाजोगं फिजिक्स बोलायला मिळालं असेल, कल्पना करा. परत लाहोरला गेले तर समोर शिस्तभंगाचा ठपका : विनापरवानगी गैरहजर.

मला विचाराल तर सलाम यांच्या आयुष्याची किल्ली या मुंबईच्या फेरीत आहे. लाहोरहून मुंबई काही फार लांब नाही. पण एका तरुण शास्त्रज्ञाला शेजारच्या देशात जाऊन चार तास चर्चा करण्यासाठी नियम मोडावा लागला. त्यात १९५३ मध्ये लाहोरात अहमदिया पंथाच्या लोकांविरुद्ध दंगली उसळल्या. सलाम त्याच पंथाचे. १९५४ मध्ये ते केंब्रिजला परत गेले आणि १९५७ पासून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्रोफेसर झाले. देश सोडला नाही तर विज्ञान सुटतं, आणि विज्ञान धरलं तर देश सुटतो, ही कोंडी त्यांनी स्वतः भोगली.

बहुतेक लोक इथे थांबतात. सुटलो म्हणतात आणि पुढे जातात. सलाम थांबले नाहीत. जी कोंडी आपल्याला झाली ती दुसऱ्या कुणाला होऊ नये, यासाठी काय करता येईल, हा प्रश्न ते धरून बसले.

१९५५ मध्ये जिनिव्हात अणूच्या शांततामय वापराबद्दल संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद झाली. अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा आणि शास्त्रीय सचिवांमध्ये एक होते सलाम. वेगवेगळ्या देशांची माणसं एका टेबलाशी बसून काम करू शकतात, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्हिएन्नाच्या बैठकीत त्यांनी पाकिस्तानच्या वतीने प्रस्ताव मांडला की सैद्धांतिक भौतिकशास्त्रासाठी सगळ्या देशांचं मिळून एक केंद्र असावं आणि गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांना तिथे येता-जाता यावं. श्रीमंत देशांना हे काही पटेना. एका प्रतिनिधीचं म्हणणं तर असं की हा विषय म्हणजे विज्ञानातली रोल्स रॉइस, या देशांना बैलगाडी पुरेशी आहे. सलाम चार वर्षं चिकाटीने मागे लागले. इटलीचे प्राध्यापक पाओलो बुदिनिच त्यांच्या बाजूने उभे राहिले, इटली सरकारने पैसा आणि जागा देऊ केली, आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये त्रिएस्ते शहरात केंद्र सुरू झालं.

हे शहर कोणतं, तेही पाहण्यासारखं आहे. त्रिएस्ते इटलीच्या एका टोकाला, तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या अगदी सीमेवर. दुसऱ्या महायुद्धानंतर या शहरावर दोन्ही देशांनी हक्क सांगितला आणि १९५४ पर्यंत त्याचा निकाल लागला नव्हता. ज्या गावावरून शेजारी भांडले, त्याच गावात सगळ्या जगाची शाळा उघडली. पहिल्या काही वर्षांतच, १९६५-६६ मध्ये, अमेरिकेचे रोझेनब्लुथ आणि सोव्हिएत रशियाचे सागदेयेव तिथे वर्षभर एकत्र बसून प्लाझ्मा फिजिक्सवर काम करत होते. बाहेर शीतयुद्ध चालू, आत एकच फळा.

पण मला सगळ्यात आवडली ती तिथली असोसिएट योजना. ती अगदी साधी आहे. आपल्या देशात नोकरी करणाऱ्या शास्त्रज्ञाला काही वर्षांच्या मुदतीत ठरावीक वेळा, दर वेळी काही आठवडे ते तीन महिने, त्रिएस्तेला यायचं आमंत्रण. या, लायब्ररीत वाचा, सेमिनार ऐका, चर्चा करा आणि परत आपल्या कॉलेजात जा. देश सोडायची गरज नाही आणि रजेसाठी ठपकाही नाही. लाहोरच्या त्या तरुण प्रोफेसरला जे हवं होतं, नेमकं तेच. भारतातून आणि पाकिस्तानातून कितीतरी जण गेले. इथे ज्यांना एकमेकांच्या गावी जायला व्हिसासाठी हेलपाटे घालावे लागतात, ते तिथे एकाच कँटीनमध्ये जेवले.

स्वतःचं संशोधनही थांबलं नव्हतं. विद्युतचुंबकीय बळ आणि अणुगर्भातलं क्षीण बळ (किरणोत्सर्गातला बीटा क्षय ज्याच्यामुळे होतो ते) ही मुळात एकाच बळाची दोन रूपं आहेत, हा सिद्धांत सलाम, ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांनी उभा केला. १९७९ चं नोबेल तिघांना मिळालं. झंगच्या मास्तरांनी एक बळ लाहोरात आणि दुसरं युरोपात ठेवलं होतं. त्यांच्याच गावच्या पोराने या दोन बळांची गाठ मारली! सिद्धांताने सांगितलेले डब्ल्यू आणि झेड हे कण १९८३ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत सापडले. ती प्रयोगशाळाही फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, युरोपातल्या बारा देशांनी १९५४ मध्ये एकत्र येऊन काढलेली.

स्टॉकहोमच्या समारंभाला सलाम अचकन आणि पगडी घालून गेले. पण घरी काय परिस्थिती होती? १९७४ मध्येच पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवलं होतं आणि सलाम यांनी सरकारच्या विज्ञान सल्लागारपदाचा राजीनामा दिला होता. नोबेलनंतर इस्लामाबादच्या विद्यापीठात त्यांचं व्याख्यान ठरलं, ते विद्यार्थी संघटनेच्या धमक्यांमुळे होऊ शकलं नाही. तरीही त्यांनी पाकिस्तानचं नागरिकत्व शेवटपर्यंत सोडलं नाही.

नोबेलनंतर त्यांनी भारत सरकारला एक विनंती केली. लाहोरमध्ये गणित शिकवणारे अनिलेंद्र गांगुली फाळणीनंतर भारतात गेले, ते कुठे आहेत हे शोधून द्यावं. सर कोलकात्यात सापडले. १९८१ मध्ये सलाम त्यांच्या घरी गेले. सर म्हातारे, अंथरुणाला खिळलेले. सलाम यांनी नोबेलचं पदक त्यांच्या हाती ठेवलं आणि हे तुमच्या शिकवण्याचं फळ आहे असं सांगितलं. मध्ये एक फाळणी आणि तीन युद्धं होऊन गेली होती, पण गुरू-शिष्याचं नातं तसंच राहिलं होतं.

सलाम १९९३ पर्यंत त्रिएस्तेच्या केंद्राचे संचालक होते. २१ नोव्हेंबर १९९६ रोजी ऑक्सफर्डला त्यांचं निधन झालं आणि त्यांना पाकिस्तानात रबवा इथे पुरलं. त्यांच्या थडग्यावर पहिले मुस्लिम नोबेल विजेते असं कोरलं होतं. त्यातला मुस्लिम हा शब्द पुढे पुसून टाकण्यात आला. दगडावर आता मध्येच एक रिकामी जागा आहे. तिकडे त्रिएस्तेला १९९७ मध्ये त्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं.

त्यांचं आणखी एक जुनं स्वप्न होतं की पश्चिम आशियातल्या देशांनी मिळून सिंक्रोट्रॉन उभारावा. तो जॉर्डनमध्ये २०१७ मध्ये सुरू झाला. सेसमी त्याचं नाव, इलेक्ट्रॉनची ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. इराण, इस्रायल, पॅलेस्टाइन, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान ही नावं सदस्यांच्या एकाच यादीत वाचताना डोळे चोळावेसे वाटतात. आणि सर्नचा सहयोगी सदस्य पाकिस्तान झाला २०१५ मध्ये, भारत झाला २०१७ मध्ये. म्हणजे आपण दोघं शेजारी आज एकत्र आहोत, पण जिनिव्हाजवळ. लाहोर-मुंबईचं अंतर अजून तेवढंच आहे.

तर मित्रांनो, पुन्हा तो रात्री दोनचा वाद. जाणारा स्वार्थी आणि राहणारा त्यागी, असं आपण पटकन बोलून मोकळे होतो. सलाम परत आले, मग गेलेही. त्यांना दोन्हीतलं काहीच सुखाचं गेलं नाही. त्यांनी एवढंच केलं की पुढच्या मुलाला जाणं आणि राहणं यातून एकच निवडावं लागू नये अशी सोय केली. त्रिएस्तेत एक वर्षाचा डिप्लोमाही आहे, आपल्यासारख्या देशांतल्या पदवीनंतरच्या मुलांसाठी. फिजिक्स किंवा गणिताची आवड असलेल्यांनी माहिती काढून ठेवावी.

आणि पुढच्या क्विझला हा प्रश्न आला, तर पास म्हणू नका.