जोडणीकडून निर्मितीकडे : उद्योगपती वालचंद हिराचंद

भारतीय मोटार उद्योगाच्या पायाभरणीत वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात जन्मलेल्या वालचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊन व्यवसायास प्रारंभ केला. 1919 मध्ये सिंदिया जहाज कंपनीच्या स्थापनेत आणि 1940 मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान विमान कारखान्याच्या उभारणीत ते अग्रणी होते.

त्या काळी परदेशी कंपन्या मोटारींचे सुटे भाग जहाजाने आणून येथे केवळ जोडत असत. मोटार देशातच घडावी, यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी योजना आखली होती. ती साकारण्याचा भार वालचंद यांनी उचलला. ब्रिटिश सरकारचे पाठबळ लाभले नाही. तरीही 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये वाहने बाहेर पडू लागली.

खरी कसोटी मात्र धातूंची होती. इंजिनाचा ठोकळा त्या काळी बहुधा बिडाचा ओतला जाई. बीड सहज ओतले जाते, दाब सोसते व कंपने शोषते, परंतु आघाताने तडकते. म्हणून सतत पीळ सोसणाऱ्या क्रँकशाफ्टला घडीव पोलादाचा चिवटपणा हवा. दट्ट्या वजनाला हलका व उष्णता लवकर वाहून नेणारा असावा लागतो, यासाठी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरतात. असा प्रत्येक भाग घडविण्यासाठी ओतशाळा, घडाईचे हातोडे, उष्णतोपचाराच्या भट्ट्या आणि कुशल कामगार आवश्यक होते. जोडणीचा कारखाना उभारणे तुलनेने सोपे होते. हे सारे सामर्थ्य देशात निर्माण करणे दीर्घकाळाचे काम होते.

1949 मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला आणि 8 एप्रिल 1953 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या जोडणी कंपन्यांना वाव न देण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील जोडणीचे काम आवरते घेतले. प्रीमियर टिकून राहिली. पुढे फियाटच्या सहकार्याने याच कारखान्यात घडलेली मोटार मुंबईच्या टॅक्सीची ओळख ठरली. ज्या धोरणासाठी वालचंद अखेरपर्यंत झटले, त्याची फळे पाहण्यास मात्र ते उरले नव्हते.