वाट पुरती न दिसताही चाललेला प्रवासी
रेव्ह. नीलकंठशास्त्री नेहेम्या गोऱ्हे ह्यांचे चरित्र

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथे मिशनकार्याच्या आरंभकाळी ज्यांनी सेवा केली त्यांत काशीचे एक थोर शास्त्री होते, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. त्यांचे नाव रेव्ह. नीलकंठशास्त्री नेहेम्या गोऱ्हे. त्यांच्या विद्वत्तेविषयी आजवर बरेच लिहिले गेले आहे. आम्ही आज त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू सांगणार आहो. ह्या सत्पुरुषास पुढची वाट क्वचितच स्पष्ट दिसली. तरी जेवढी दिसली तेवढी ते चालले.

नीलकंठशास्त्री ह्यांचा जन्म ता. 8 फेब्रुवारी 1825 रोजी झाशीजवळच्या एका खेड्यात, कोकणस्थ ब्राह्मण कुळात झाला. त्यांचे बालपण व अध्ययन काशीस झाले. न्याय, व्याकरण इत्यादी शास्त्रांत त्यांनी लहान वयातच नाव मिळविले. त्या काळी काशीच्या रस्त्यांवर रेव्ह. विल्यम स्मिथ हे मिशनरी उपदेश करीत असत. त्यांचे म्हणणे खोडून काढावे ह्या हेतूने हा तरुण शास्त्री त्यांच्याकडे गेला. जॉन म्यूर साहेबांनी ख्रिस्ती मताच्या बाजूने संस्कृतात ग्रंथ लिहिला होता. त्याचे खंडन करण्यासाठी 1844 च्या सुमारास नीलकंठशास्त्र्यांनीही संस्कृतातच ग्रंथ रचला. परंतु खंडन करावयाचे तर शास्त्र वाचणे प्राप्तच होते. वाचता वाचता प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. खंडन करावयास निघालेला मनुष्य शोधक झाला. अखेर ता. 14 मार्च 1848 रोजी, काशीत नव्हे तर जौनपूर येथे, त्यांचा बाप्तिस्मा झाला व त्यांनी नेहेम्या हे नाव घेतले.

बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व शंका मिटतात व घरात सुख नांदू लागते, असे कोणी आमच्या गावकऱ्यांस सांगत असेल, तर त्याने गोऱ्ह्यांचे चरित्र वाचावे. जातीने त्यांस टाकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीही पुढे ख्रिस्ताचा स्वीकार केला. पण 1853 साली कन्या जन्मास आली आणि थोड्याच काळात माता देवाघरी गेली. ते तान्हे मूल परक्यांच्या हाती द्यावे लागले, व पुढे ते इंग्लंडात वाढले. ह्या सर्वांचा हेतू काय, हे त्या पित्यास कोणी उलगडून सांगितले नाही.

1854 साली महाराजा दुलीपसिंग ह्यांच्यासोबत शास्त्रीबोवा विलायतेस गेले. तेथे त्यांस नवाच धक्का बसला. शुभवर्तमानात वाचलेले ख्रिस्ती जीवन त्यांस लंडनच्या रस्त्यांवर दिसेना. ऑक्सफर्डचे पंडित मॅक्समुल्लर ह्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, ज्या धर्मासाठी आपण सर्वस्व सोडले तो हाच काय, असा प्रश्न पडून हा तरुण अगदी व्याकुळ झाला होता. परत काशीस जाऊन प्रायश्चित्त घ्यावे, असे कोणास वाटले असते. गोऱ्हे परतले ते सेवेसाठी. माणसांच्या वागणुकीवरून प्रभूचे मोल ठरवावयाचे नाही, एवढे त्यांनी मनाशी धरले. 1860 साली त्यांचा षड्दर्शनांवरील हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांची बुद्धी फार तीक्ष्ण होती, व तीच त्यांस जन्मभर टोचीत राहिली. सार्वकालिक शिक्षेच्या शिकवणीविषयी त्यांचे मन वारंवार अस्वस्थ होई. आपल्या योग्यतेविषयीही त्यांस नेहमी संशय वाटे. त्यामुळे पाळकाची दीक्षा घ्यावयास बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षे लागली. 1868 साली ते डीकन झाले व 1870 साली पाळक झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी स्कॉटिश एपिस्कोपल मिशनाच्या वतीने आमच्या चांद्यास काम केले. रेल्वे तेव्हा चांद्यास पोहोचली नव्हती. भोवती अफाट अरण्य, गोंड राजांचा जुना कोट, आणि श्रोते बहुतेक साधे लोक. काशीच्या पंडितसभेत बोललेल्या मनुष्याने ही नेमणूक हलकी मानली नाही.

पुढे 1876 साली ते इंग्लंडात कौली येथील संन्यस्त पाळकांच्या संघात शिरले. तेथील अखेरचे व्रत मात्र त्यांनी कधीच घेतले नाही. मरेपर्यंत ते उमेदवारच राहिले. जगाच्या दृष्टीने हे आयुष्य अपुरेच म्हणावे लागेल. पण देवाचा हिशेब निराळा असतो. पुण्यास पंडिता रमाबाईंची व त्यांची ओळख झाली. 1883 साली बाई इंग्लंडास गेल्या तेव्हा त्यांच्या मनात शंकांचे काहूर माजले होते. गोऱ्ह्यांनी पत्रे लिहून एकेक शंकेचे उत्तर दिले. स्वतः शंकांनी पोळलेला मनुष्यच ते काम करू शकला. त्याच वर्षी ता. 29 सप्टेंबर रोजी रमाबाईंनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

ता. 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत गोऱ्हे प्रभूकडे गेले. पुढच्याच वर्षी मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. रमाबाई त्या प्रांतात हिंडल्या, व सुमारे 300 निराधार मुली व स्त्रिया आश्रयास नेल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यांच्यामुळेच झाला. एका वृद्ध पाळकाच्या पत्रांचे फळ इतके दूरवर गेले, आणि ते पाहावयास तो जिवंत नव्हता. परक्या घरी वाढलेली त्यांची कन्या एलेन लक्ष्मी हीदेखील 1880 साली सेवेसाठी हिंदुस्थानात परतली. देवाच्या सान्निध्यातील आश्रयावर तिने रचलेले इंग्रजी गीत पुष्कळ देशांत गाइले जाते.

प्रिय उपदेशक बंधूंनो, सिरोंच्यापासून वरोऱ्यापर्यंत विखुरलेल्या आमच्या मंडळ्यांत असे कितीतरी आहेत की, ज्यांस उद्याची दिशा कळत नाही. कोणाचे भाऊबंद तुटले आहेत, कोणाच्या गावात उपासनेस चारच माणसे येतात, कोणास वाटते की आपली नेमणूकच चुकली. अब्राहामही कोठे जावयाचे हे न जाणता निघाला होता. रात्री रानातून जाताना कंदील चार पावलांपुरताच उजेड देतो, म्हणून आपण वाटेत बसून राहत नाही. शंका आली तर ती लपवू नये. प्रार्थनेत देवापुढे मांडावी व एखाद्या वडीलधाऱ्या बंधूस सांगावी. तोवर आजारी माणसाच्या दारी जाणे, मुलांस वाचावयास शिकविणे व रविवारची उपासना चालविणे ही आजची कामे सोडू नयेत. गोऱ्ह्यांस सर्व उत्तरे येथे मिळाली नाहीत. ज्याच्यामागे ते निघाले होते, त्यास मात्र त्यांनी सोडले नाही. आणि त्यानेही त्यांस सोडले नाही.