विश्लेषण : पेटीच्या भात्यावर ‘उडणारं’ विमान बनवणारा एडविन लिंक कोण होता?

नेवासा तालुक्यातल्या सोनईच्या बाजारपेठेत उभं राहून मोबाइल जरा तिरका केला, की स्क्रीनवरचं लढाऊ विमान वळतं. घरी कॉम्प्युटर असेल आणि त्याला जॉयस्टिक जोडलेली असेल, तर मजा आणखी वाढते. पण पहिल्याच दिवशी बहुतेकांची गाडी दोन गोष्टींवर अडते. स्टिक मागे ओढली तर विमानाचं नाक वर का जातं? आणि कॉकपिटचा व्ह्यू लावला की बाहेरचं काहीच धड दिसत नाही, मग तो लावायचा कशाला?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या एका पियानोच्या कारखान्यात सापडतात. त्या कारखान्याच्या मालकाचा मुलगा म्हणजे एडविन लिंक. आजच्या फ्लाइट सिम्युलेटरचा पाया त्याने घातला. त्याचं आयुष्य थोडक्यात समजून घेऊ.

पन्नास डॉलर दिले, पण दांडीला हात लावू दिला नाही

एडविन लिंकचा जन्म २६ जुलै १९०४ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात झाला. तो लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन शहरात आलं. तिथे वडिलांनी डबघाईला आलेली वाद्यं बनवणारी कंपनी विकत घेतली आणि तिची ‘लिंक पियानो अँड ऑर्गन कंपनी’ झाली.

१९२० मध्ये, सोळा वर्षांचा असताना, लिंकने विमान उडवण्याचा पहिला धडा घेतला. विनोदवीर चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी चॅप्लिन याची तेव्हा कॅलिफोर्नियात विमान कंपनी होती. तिथे लिंकने ५० डॉलर मोजले. त्या काळात ही मोठी रक्कम होती. वैमानिकाने त्याला हवेत नेलं, कोलांट्या मारल्या, गिरक्या घेतल्या आणि खाली आणून सोडलं. लिंकला एकदाही कंट्रोलला हात लावू दिला नाही.

शिकण्यासाठी पैसे जायचे आणि शिकायला मिळायचं नाही, ही त्याची खरी अडचण होती. पुढे तो रीतसर वैमानिक झाला, पण हा धडा विसरला नाही. खऱ्या विमानाचं इंधन जाळून आणि जीव धोक्यात घालून शिकायचं, त्याआधी जमिनीवरच निम्मं शिकून का घेऊ नये, असा विचार त्याच्या डोक्यात घोळत राहिला.

भात्याचा आणि विमानाचा काय संबंध?

आपल्याकडच्या भजनी मंडळातली पेटी आठवा. भाता हलवला की हवा दाबली जाते, पट्टी दाबली की झडप उघडते आणि सूर निघतो. लिंकच्या कारखान्यातले ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानोही भाते, झडपा आणि हवेच्या नळ्यांवरच चालायचे. फरक इतकाच, की आपोआप वाजणाऱ्या पियानोत हवा दाबण्याऐवजी ओढून घेतली जायची.

लिंकने हीच यंत्रणा उचलली. १९२७ ते १९२९ या काळात कारखान्याच्या तळघरात त्याने लाकडाचं एक छोटं विमान तयार केलं. आखूड पंख, आत एक माणूस बसेल एवढी जागा आणि समोर दांडी. हे विमान एका सांध्यावर तोललेलं होतं आणि खाली भाते बसवलेले होते. दांडी मागे ओढली की झडप उघडायची, पुढच्या आणि मागच्या भात्यांतल्या हवेचं प्रमाण बदलायचं आणि नाक वर व्हायचं. दांडी डावीकडे नेली की विमान डावीकडे कलायचं. पायातल्या पट्ट्या दाबल्या की ते जागच्या जागी फिरायचं.

आजच्या जॉयस्टिकमध्ये झडपेच्या जागी सेन्सर असतो आणि हवेच्या जागी विजेचा सिग्नल. पण हाताची हालचाल टिपायची, तिचं गणित करायचं आणि विमानाचा प्रतिसाद दाखवायचा, ही साखळी तीच आहे. मागे ओढलं की नाक वर, हा नियमसुद्धा खऱ्या विमानाचा. म्हणून गेममध्ये ‘इन्व्हर्ट’चा पर्याय बदलण्याआधी थोडे दिवस हाताला हीच सवय लावून पाहा.

विमान शिकायचं यंत्र जत्रेत कसं पोहोचलं?

लिंकने १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३१ मध्ये ते मिळालं. पेटंटच्या नावातच वैमानिकांचं प्रशिक्षण आणि करमणूक या दोन्हींचा उल्लेख होता. ही दुहेरी सोय उपयोगी पडली, कारण विमान कंपन्यांनी आणि लष्कराने सुरुवातीला त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जमिनीवर बसून विमान शिकता येतं, हे कुणाला पटेना.

त्यातच महामंदी आली. लिंकची यंत्रं करमणुकीच्या बागांमध्ये गेली. नाणं टाका, हिंदकळा आणि उतरा. पोट भरण्यासाठी तो रात्री विमानाच्या पंखाखाली दिव्यांची जाहिरात लावून उडायचा. १९३० मध्ये त्याने स्वतःची उड्डाणशाळाही काढली. त्याचा भाऊ जॉर्ज याने या यंत्रावर काही तास सराव केला आणि खऱ्या विमानात तासाभराहून कमी वेळात एकट्याने उड्डाण केलं. तरीही मोठी मागणी येत नव्हती. १९३१ मध्ये लिंकने मॅरियन क्लेटनशी लग्न केलं. पुढे कंपनीच्या कारभारात आणि समुद्रमोहिमांतही ती त्याच्यासोबत होती.

१९३४ मध्ये नेमकं काय घडलं?

फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हवाई टपालाची खासगी कंत्राटं रद्द केली आणि काम लष्कराच्या हवाई दलाकडे दिलं. ऐन हिवाळ्याचे दिवस होते. धुक्यात आणि रात्री फक्त उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव अनेक लष्करी वैमानिकांना नव्हता. एकामागून एक अपघात झाले आणि काही महिन्यांत सुमारे डझनभर जणांचा जीव गेला.

ढगात विमान का भरकटतं? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा द्रव असतो. विमान बराच वेळ एकाच गतीने वळत राहिलं, तर हा द्रव स्थिर होतो आणि आपण सरळच चाललो आहोत असं वाटतं. मग विमान खरोखर सरळ केलं, की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. बाहेर क्षितिज दिसत नसेल, तर वैमानिक या भासावर विश्वास ठेवतो आणि जमिनीवर आदळतो. उपाय एकच : शरीर काय सांगतं ते सोडा, उपकरण काय सांगतं ते पाहा.

लिंकचं यंत्र नेमकं हेच शिकवत होतं. आत बसलेल्या विद्यार्थ्यावर झाकण ओढलं, की बाहेरचं सगळं बंद. समोर फक्त काटे आणि तबकड्या. शेजारच्या टेबलावर प्रशिक्षक बसायचा आणि चाकं लावलेला एक छोटा लेखक नकाशावर शाईने विद्यार्थ्याचा मार्ग काढत जायचा. चूक झाली तर ती कागदावर दिसायची. स्मशानात जावं लागत नव्हतं.

याच काळात लष्करी अधिकाऱ्यांना भेटण्यासाठी लिंक खराब हवेत, उपकरणांच्या भरवशावर स्वतः विमान उडवत नेवार्कला पोहोचला. अशा हवेत कुणी येईल असं अधिकाऱ्यांना वाटत नव्हतं. त्याचं उतरणं हाच पुरावा ठरला. लष्कराने सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी ३,५०० डॉलरला. दुसऱ्या महायुद्धात अशी १० हजारांहून अधिक यंत्रं बनली. निळ्या रंगामुळे वैमानिक त्यांना ‘ब्लू बॉक्स’ म्हणू लागले. एकट्या अमेरिकेतच पाच लाखांच्या आसपास वैमानिक त्यात बसून शिकले.

तुमच्या कॉकपिट व्ह्यूसाठी यातून काय घ्यायचं?

लिंकच्या डब्यात बाहेरचा व्ह्यू नव्हता, तरी माणसं शिकली. म्हणून सिम्युलेटरमध्ये विमान बाहेरून पाहण्याचा मोह आधी सोडा. कॉकपिट व्ह्यू लावा. दृश्याची रुंदी अशी ठेवा, की नेम धरायची काच आणि वेग, उंची व क्षितिज दाखवणारी उपकरणं मान न हलवता दिसतील. रुंदी फार वाढवली तर काटे वाचता येत नाहीत आणि शत्रूचं विमान ठिपक्याएवढं दिसतं. फार कमी केली तर आजूबाजूचं सुटतं.

जॉयस्टिक सोडल्यावरही विमान थरथरत असेल तर ‘डेड झोन’ थोडा वाढवा. टेबलावरच्या स्टिकची दांडी खऱ्या विमानातल्यापेक्षा आखूड असते, त्यामुळे हात जरा हलला तरी विमान उसळतं. अशा वेळी ‘कर्व्ह’ मध्यभागी सौम्य करा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि उडून पाहा, नाहीतर कशामुळे फरक पडला हे कळणार नाही.

आकाशातून समुद्राच्या तळाशी

१९५४ मध्ये लिंकची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. पन्नाशीतला लिंक मग समुद्राकडे वळला. १९५९ मध्ये त्याने जमैकातल्या बुडालेल्या पोर्ट रॉयल शहराचा शोध घेतला. पाणबुड्यांना खोल पाण्यात जास्त वेळ सुरक्षित राहता यावं, म्हणून त्याने यंत्रं बनवली. त्यातलीच एक म्हणजे ‘जॉन्सन सी लिंक’ ही छोटी पाणबुडी.

१७ जून १९७३ रोजी फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ ही पाणबुडी एका बुडालेल्या जहाजाच्या ढिगाऱ्यात अडकली. सुटका व्हायला दिवसाहून अधिक वेळ लागला. मागच्या कप्प्यात गारठा होता आणि त्या गारठ्यात कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन नीट काम करेना. दोघे गेले. त्यातला एक लिंकचा मुलगा क्लेटन होता, अवघा ३१ वर्षांचा.

इतरांचे जीव वाचवणारी यंत्रं करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा मुलगा बापाने घडवलेल्या यंत्रात गेला. लिंकने काम थांबवलं नाही. पुढची दोन वर्षं त्याने अशा अडकलेल्या पाणबुड्यांपर्यंत माणसाशिवाय पोहोचणारं, केबलने चालणारं बचावयंत्र तयार करण्यात घालवली. ७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टनमध्ये त्याचं निधन झालं.

आज प्रवासी विमानाचा वैमानिक असो किंवा लढाऊ विमानाचा, सिम्युलेटरमध्ये घाम गाळल्याशिवाय त्याचं प्रशिक्षण पूर्ण होत नाही. इंजिन बंद पडणं, आग लागणं, धुक्यात उतरणं, हे सगळं तो आधी तिथे अनुभवतो. पुढच्या वेळी गेममध्ये तुमचं विमान कोसळलं आणि तुम्ही हसून ‘रीस्टार्ट’ दाबलंत, तर एवढं लक्षात असू द्या : चुकून पुन्हा सुरुवात करण्याची ही सोय वैमानिकांना मिळावी, यासाठीच एका माणसाने पियानोच्या भात्यांना पंख लावले होते.