खराटा आणि घागर

बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांतून दरवर्षी जे पदवीधर बाहेर पडतात, त्यांच्या पदवीपत्रावर ज्यांचे नाव छापलेले असते, त्यांना स्वतःला शाळेत जाण्याची संधी कधी मिळाली नव्हती. अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ मध्ये झाली आणि २००५ मध्ये त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. त्याच्या काही वर्षे आधी, २०००-०१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेच्या अभियानालाही तेच नाव दिले होते. हे नाव आता इतके परिचयाचे झाले आहे, की त्यामागचा माणूस नेमके काय करीत होता आणि तसे का करीत होता, याचा विचार करण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. खराटा हे बाबांचे चिन्ह ठरले. परंतु तो खराटा कोणत्या भूमीत आणि कशा पाण्याच्या काठी त्यांनी हाती घेतला, हे लक्षात घेतल्यावाचून त्याचा खरा अर्थ उलगडणार नाही.

ती भूमी पूर्णा नदीच्या खोऱ्याची होय. सातपुड्यात उगम पावणारी ही नदी अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या काठची जमीन काळी, खोल आणि कापसाला उत्तम. पण त्याच जमिनीच्या पोटातील पाणी पुष्कळ ठिकाणी खारे आहे. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या घाटाखालच्या तालुक्यांतील अनेक गावे याच खारपाणपट्ट्यात मोडतात. घाटावरची तऱ्हा वेगळी. चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागात पाणी गोडे, पण खडकात ते टिकत नाही, आणि चैत्र-वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात. अशा प्रदेशात स्वच्छता ही केवळ आवडीची किंवा सवयीची बाब राहत नाही. प्रत्येक घागर कोणीतरी डोक्यावरून आणलेली असते आणि ती कशासाठी खर्च करावयाची, याचा हिशेब घरोघरी रोज मांडला जातो.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परिटाच्या घरी झाला. परिटाचे जीवन पाण्याशी बांधलेले. गावाचा मळ आपल्या हातांनी धुवावयाचा आणि तरीही गावाच्या पंगतीत खालच्या जागी बसावयाचे, हे त्या काळी त्याच्या वाट्याला आलेले. वडील दारूच्या आहारी जाऊन अकाली गेले. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. तेथे मामाची गुरे राखीत, शेतात राबत आणि पूर्णेच्या पाण्यात पोहत डेबूजी वाढला. पुढे सावकाराच्या कर्जापायी मामाची जमीन गेली. डेबूजीच्या ऐन तारुण्यातच १८९६-९७ व १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले आणि वऱ्हाडाने माणसे व गुरे यांची मोठी हानी पाहिली. दारू, कर्ज, अज्ञान आणि अस्वच्छता यांविरुद्ध बाबा पुढे आयुष्यभर बोलत राहिले. या चारही गोष्टी त्यांनी पोथीतून शिकलेल्या नव्हत्या. त्या त्यांच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेल्या होत्या. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंदांचा रोष त्यांनी शांतपणे पत्करला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हातात काठी किंवा खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात खायचे, त्यातच प्यायचे आणि वेळप्रसंगी तेच डोक्यावर ठेवायचे. लोकांनी त्यावरूनच त्यांना नाव दिले. गावात पाऊल टाकले की ते प्रथम झाडू लागत. कोणाचे अंगण, कोणाची गल्ली, देवळापुढची जागा, तुंबलेले गटार, जे समोर दिसेल ते ते साफ करीत. कोणी भाकरी देऊ केली तर आधी लाकडे फोडून किंवा दुसरे काही काम करून मगच ती घेत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत, आणि दगडाच्या देवाला नवस करणाऱ्या माणसाला आपल्या पोराच्या शाळेचा खर्च परवडतो की नाही, याचा विचार करावयास लावीत. सकाळ होण्यापूर्वीच बाबा पुढच्या गावाला निघालेले असत.

ऋणमोचन हे पूर्णाकाठचे गाव या कार्याचे एक मुख्य स्थान. पौषात तेथे यात्रा भरते. नदीची दरड निसरडी, चिखलाची. स्नानाला उतरणारे वृद्ध व स्त्रिया घसरून पडत. डेबूजींनी कुदळ-फावडे घेऊन तेथे वाट करून दिली आणि पुढे लोकवर्गणीतून पक्का घाट उभा राहिला. प्रसंग लहान दिसतो. पण पाण्यापर्यंत माणसाला सुखरूप पोहोचता आले पाहिजे आणि ज्या पाण्यात माणसे उतरतात त्याचा काठ घाण राहता कामा नये, हा विचार त्यामागे होता.

त्या काळी यात्रा आणि रोगराई ही जोडी ठरलेली होती. थोड्या पाण्याच्या काठी हजारो माणसे एकवटत, तेच पाणी पीत, त्याच काठावर शौचाला बसत, आणि परतणाऱ्या दिंड्यांबरोबर पटकी गावोगाव पोहोचे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्यातील पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले होते. महाराष्ट्राच्या कोरड्या भागात नारूचा रोग पायऱ्यांच्या विहिरींतून पसरत असे. नारू झालेला माणूस पाण्यात पाय बुडवी आणि तेच पाणी गाव पीत असे. या रोगातून भारत मुक्त झाल्याचे २००० साली प्रमाणित झाले, ते औषधाने नव्हे. पाणी गाळून पिण्याने आणि पायऱ्या बंद करून पाणवठे सुरक्षित केल्याने. जंतुशास्त्र बाबांनी वाचलेले नव्हते. परंतु ज्या ठिकाणी गर्दी, घाण आणि अपुरे पाणी एकत्र येत, नेमक्या त्याच ठिकाणी ते खराटा घेऊन उभे राहिले, ही त्यांच्या निरीक्षणाची साक्ष आहे.

पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, त्र्यंबकेश्वर, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. वर्गणी लाखांनी जमली, पण त्यांनी एकही मंदिर बांधले नाही. पंढरीला ते नेमाने जात आणि देवदर्शनाच्या रांगेत उभे राहण्याऐवजी वाळवंट व रस्ते झाडीत. यात्रेकरूला रात्री पाठ टेकायला जागा, प्यायला पाणी आणि देहधर्माला आडोसा मिळाला तर निम्मा रोग तेथेच थांबतो, हे या धर्मशाळांमागचे शहाणपण. १९२० च्या सुमारास पंढरपुरात त्यांनी अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडे झाले ते १९४७ मध्ये, म्हणजे त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर. ही धर्मशाळा १९४९ मध्ये बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि त्याच्या पाठोपाठ तहानलेल्याला पाणी येते. देवपूजेचा उल्लेख तीत नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

खराट्याचा दुसरा अर्थ याहूनही खोल आहे. घाण करावयाची सर्वांनी आणि ती उचलावयाची एका जातीने, अशी या समाजाची व्यवस्था होती. स्वच्छतेवर प्रवचन देणारे अनेक होते. पण प्रवचन आटोपून ते सोवळ्यात परत जात आणि खराटा पूर्वीच्याच हातात राही. गाडगेबाबांनी तो स्वतः उचलला आणि त्यांच्या कीर्तनाला आलेल्या पाटील-देशमुखांच्या, व्यापाऱ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या हाती दिला. गांधीजींनी १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये शौचकूप स्वतः साफ केले होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपले मानून गोपुरीला संडासाचे प्रयोग केले. बाबांचा मार्ग त्याच दिशेचा, पण तो आश्रमातून न जाता यात्रेच्या गर्दीतून गेला.

स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही. धर्मशाळांचा कारभार विश्वस्तांकडे सोपविला, आपल्या कुटुंबीयांना त्यांत हक्क दिला नाही, कोणाला शिष्य केले नाही. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. कऱ्हाडला कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९५४ मध्ये त्यांच्या नावाने महाविद्यालय काढले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचे निधन झाले. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते.

त्यांच्या नावाच्या अभियानाने प्रारंभी खरोखरच गावे हलविली, हे मान्य केले पाहिजे. लोकांनी श्रमदान केले, उकिरडे हलले, गटारे वाहती झाली. पण स्पर्धेत तपासणीचा दिवस असतो आणि बाबांच्या कामात तो नव्हता. पुरस्काराची पाटी लागली की खराटा कोपऱ्यात जातो, हा अनुभव अनेक गावांचा आहे. पुढे २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात घरोघरी शौचालये बांधली गेली. ग्रामीण पद्धतीच्या शौचालयाला एका वेळी दीड ते दोन लिटर पाणी पुरते. पाच माणसांच्या घरात हात-पाय धुण्यासह दिवसाकाठी एक घागर तरी त्यासाठी वेगळी काढावी लागते. टंचाईच्या दिवसांत टँकरने दरडोई वीस लिटर पाणी देण्याचा शासकीय निकष आहे. म्हणजे त्याच घराला पिणे, स्वयंपाक, आंघोळ, धुणे या सर्वांसाठी मिळून शंभर लिटर. ज्या बाईला ती घागर डोक्यावरून आणावयाची आहे, तिने शौचालयात सरपण ठेवले तर दोष तिच्या संस्कारांचा मानावयाचा की पाण्याच्या व्यवस्थेचा?

पाण्याच्या बाजूनेही काही झालेच नाही असे नाही. वान धरणाच्या गोड्या पाण्यावर जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांसाठी एकशे चाळीस गावांची योजना झाली. जलजीवन मिशनने २०१९ पासून दरडोई रोज पंचावन्न लिटरचे उद्दिष्ट पुढे ठेवले. योजना आखणे शासनाचे काम खरे. मात्र नळाची गळती कोणी थांबवावयाची, टाकी कोणी धुवावयाची, वीजबिल थकू नये म्हणून पाणीपट्टी कोणी गोळा करावयाची आणि विहिरीभोवतीची घाण कोणी काढावयाची, हे प्रश्न कोणत्याही योजनेच्या कागदावर सुटत नाहीत. ते गावातच सुटावे लागतात, आणि तेही रोज.

शेगाव, सैलानी, लोणार या ठिकाणी आजही यात्रा भरतात. विद्यापीठाचे विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना खेड्यात जातात. शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी तेथेच राहतात. बाबांच्या जयंतीला प्रतिमेस हार घालून हातात नवा कोरा खराटा धरावयाचा की गावातील शेवटच्या घराला घागरभर पाणी मिळते काय याची वर्षभर चौकशी ठेवावयाची, ही निवड त्यांच्याच हाती आहे. हार-तुऱ्यांपासून बाबा जन्मभर दूर राहिले. गावात शिरताना झाडावयाचे, काम करून भाकरी घ्यावयाची आणि उजाडण्यापूर्वी निघून जावयाचे, एवढीच त्यांची रीत होती. पदवीपत्रावर त्यांचे नाव वागविणाऱ्या पिढीने त्या रीतीचा थोडा अंश जरी उचलला, तरी ते नाव तेथे का घातले याचे उत्तर मिळेल.